थकलेल्या वेतनाचा दंड

धन्यानें चाकराचें वेतन थकविलें, ही गोष्ट इतिहासाच्या ग्रंथांत सहसा येत नाहीं. लढाया झाल्या, तह झाले, किल्ले पडले, यांची नोंद बखरकार करितात. परंतु शिबंदीचा सहामाही पगार चुकला, किंवा जिनांत राबणाऱ्या बाईची आठवड्याची मजुरी मुकादमानें दाबून ठेविली, हें कोणी लिहून ठेवीत नाहीं. आमच्या वऱ्हाडाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. या प्रांताचा अर्वाचीन इतिहास जेथून सुरू होतो, तेथें मुळाशीं थकलेला पगारच आहे. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेलें, एवढें अमरावती-अकोल्याच्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत ठाऊक असतें. तें कोणत्या देण्यापायीं गेलें, याचा विचार फारसा होत नाहीं. तो विचार केला म्हणजे एक प्रश्न आपोआप पुढें येतो. काम करून घेऊन दाम न देणाऱ्या धन्यास राज्यसत्तेनें वेळोवेळीं काय शासन केलें, आणि तें कोणाच्या फिर्यादीवरून केलें? या लेखांत त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम वऱ्हाडाचीच हकीकत पाहूं. हैदराबादच्या निजामापाशीं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं चालणारी एक फौज होती. तिला ‘कंटिन्जंट’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रेसिडेंट हेन्री रसेल याच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या पलटणींतून ती वाढली. १८०० च्या तहान्वयें युद्धप्रसंगीं निजामानें इंग्रजांस फौजेची मदत करावी, असें ठरलें होतें. शांततेच्या काळीं बारा महिने फौज पोसण्याचें बंधन त्या तहानें घातलें नव्हतें, हा निजामाच्या बाजूचा आक्षेप होता. आक्षेप राहिला बाजूला आणि फौज कायमची झाली. इकडे निजामाचा खजिना रिता. जिल्हेच्या जिल्हे सावकारांस वसुलासाठीं लावून दिलेले. वऱ्हाडचा वसूलही कांहीं काळ विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीकडे कर्जाच्या तारणादाखल होता. अशा स्थितींत फौजेचा पगार तुंबे. तो तुंबला कीं कंपनी सरकार आपल्या खजिन्यांतून चुकता करी, आणि ती रक्कम निजामाच्या नांवें कर्ज म्हणून मांडी.

हें कर्ज वाढत जाऊन १८५३ सालीं ४५ लक्षांच्या वर गेलें. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी याचा तगादा निकराचा होता. कर्नल लो या रेसिडेंटानें नासिरुद्दौला निजामापुढें तहाचा मसुदा ठेविला, आणि पुष्कळ आढेवेढे घेऊन अखेर २१ मे १८५३ रोजीं निजामानें त्यावर सही केली. त्या तहानें वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब असा सुमारे ५० लक्षांच्या ढोबळ उत्पन्नाचा मुलूख फौजेच्या खर्चासाठीं इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. दिवाण सिराजउल्मुल्क त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला. वऱ्हाड परत मिळविण्याची खटपट सालारजंगानें जन्मभर केली. १८६० सालीं नवा तह होऊन धाराशिव व रायचूर दुआब हे भाग परत मिळाले, ५० लक्षांचें कर्जही माफ झालें. परंतु वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिलें. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यानें वर्षास २५ लक्ष रुपये देण्याच्या करारावर तें कायमच्या पट्ट्यानें घेतलें, आणि १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडलें गेलें.

पगार थकविल्याबद्दल धन्यास झालेला यापेक्षां मोठा दंड हिंदुस्थानच्या इतिहासांत आम्हांस दुसरा आढळत नाहीं. पण त्या दंडाचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. येथें फिर्यादी, पंच आणि वसुली करणारा शिरस्तेदार, हे तिघेही एकच होते. कंपनीला मुलूख हवाच होता. कापसाची जमीन तर विशेषच हवी होती. थकबाकी हें तिला मिळालेलें निमित्त. तथापि निमित्त म्हणून कां होईना, केलेल्या चाकरीचा मोबदला वेळेवर न देणें हा मुलूख गमावण्याइतका मोठा दोष आहे, असें कंपनीनें जाहीरपणें मांडलें. हेंच तत्त्व तिनें आणि तिच्यामागून आलेल्या राणी सरकारानें सामान्य मजुराच्या बाबतींत किती पाळलें, हें आतां पाहावयाचें आहे.

त्यापूर्वीं आपल्या जुन्या शास्त्रकारांचें मत पाहणें इष्ट होईल. धर्मशास्त्रांत व्यवहाराचीं, म्हणजे दाव्यांचीं, जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत वेतन न देणें हें एक स्वतंत्र पद आहे. मनुस्मृतींत तें आहे, नारदस्मृतींतही आहे. यावरून हा तंटा त्या काळींही नित्याचा असला पाहिजे. परंतु मथळ्याखालीं काय लिहिलें आहे हें पाहूं गेल्यास थोडा अचंबा वाटतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत या प्रकरणीं जे श्लोक आहेत, ते बहुतेक चाकराच्याच कसुरीविषयीं आहेत. आजारी नसतां जो चाकर ठरलेलें काम गर्वानें करीत नाहीं, त्यास आठ कृष्णल दंड करावा व त्याचें वेतन देऊं नये, असा तेथें निर्णय आहे. मथळा धन्याच्या दोषाचा, आणि शिक्षा चाकरास! याज्ञवल्क्यानें मात्र धन्यासही बांधून घेतलें आहे. वेतन न ठरवितां जो काम करून घेतो, त्याच्याकडून व्यापार, पशु वा धान्य यांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा राजानें चाकरास देववावा, असें तो सांगतो.

कौटिल्य याहून पुढें गेला आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वेतन न देणाऱ्यास ‘दशबंध’ अथवा सहा पण, आणि वेतनच नाकबूल करणाऱ्यास ‘पंचबंध’ अथवा बारा पण, असा दंड त्यानें नेमून दिला आहे. देणें उशिरा देणारा आणि देणें मुळींच नाकारणारा यांत त्यानें भेद केला, ही गोष्ट मार्मिक आहे. दशबंध या शब्दाच्या अर्थाविषयीं पंडितांत मतभेद आहे. ज्यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं प्रथम छापून उजेडांत आणिला, त्या शामशास्त्र्यांनीं त्याचा अर्थ दहापट असा घेतला. मुंबई विद्यापीठाच्या आवृत्तीचे संपादक प्रा. कंगले यांनीं दहावा हिस्सा असा घेतला. रुपया थकविला तर दंड दहा रुपये कीं दीड आणा, एवढें या एका शब्दावर अवलंबून आहे. ‘दहा’ हा आंकडा पुढें आणखी एकदां आपल्या वाटेंत येणार आहे, म्हणून वाचकांनीं तो लक्षांत ठेवावा.

शास्त्र कांहींही सांगो, प्रत्यक्ष व्यवहारांत थकलेला पगार वसूल करण्याचा लोकांचा मार्ग म्हणजे धरणें. देणेदाराच्या दारीं बसावें, अन्नपाणी वर्ज्य करावें, त्यासही जेवूं देऊं नये; असें केलें म्हणजे लोकलाजेस्तव तरी तो देणें देई. मराठेशाहींत पगार तुंबलेले शिपाई सरदाराच्या, प्रसंगीं खुद्द धन्याच्या, दारीं धरणें धरीत. हा उपाय हाताबाहेर गेला कीं काय होतें, याचें भयंकर उदाहरण पुण्याच्या शनिवारवाड्यांत घडलें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी वाड्यांत शिरले ते चढलेला पगार मागण्याच्या निमित्तानें, आणि त्यांतून नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागें राजकारस्थान होतें हें खरें. पण पगार थकलेले हत्यारबंद लोक हें कारस्थान्यांच्या हातीं आयतें सांपडलेलें साधन होतें.

इंग्रजी अमदानींत कायदा लेखी झाला, न्यायालयें उभीं राहिलीं. मजुराच्या दृष्टीनें त्याचा पहिला परिणाम काय झाला? १८५९ च्या १३ व्या कायद्यानें असें ठरविलें कीं, कारागिरानें किंवा मजुरानें उचल घेऊन काम सोडलें, तर मॅजिस्ट्रेटानें त्यास काम पुरें करण्याचा किंवा पैसे परत करण्याचा हुकूम द्यावा, आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेंत टाकावें. हा कायदा मुळांत कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांसाठीं होता. पुढें तो इतरत्र लावण्याची मुभा सरकारानें ठेविली, आणि चहाच्या मळ्यांसारख्या ठिकाणीं त्याचा भरपूर उपयोग करण्यांत आला. पुढच्याच वर्षीं, १८६० सालीं, पिनल कोड मंजूर झालें. त्याच्या ५०८ व्या कलमाखालीं जें उदाहरण दिलें आहे, तें धरण्याचेंच आहे. देवाच्या कोपाचें भय घालून दारीं धरणें धरणारा मनुष्य गुन्हेगार ठरला. धरण्याची चाल चांगली होती असें आमचें म्हणणें नाहीं. तिच्यांत जुलूमही पुष्कळ होई. परंतु काम सोडणारा मजूर कैदेस पात्र, दारीं बसणारा मजूर कैदेस पात्र, आणि पैसे बुडविणारा धनी मात्र केवळ दिवाणी दाव्यास पात्र, अशी ही वांटणी झाली. मजुराच्या हातीं दिवाणी दावा म्हणजे वकिलाची फी, स्टांप आणि तारखा. चार रुपयांच्या मजुरीसाठीं तो कोण करणार?

या वांटणीस एक अपवाद झाला, आणि तोही महाराष्ट्रांतील एका दंग्यामुळें. मुंबई-पुण्यामधील बोरघाटांत रेल्वेचें काम चाललें असतां १८५९ च्या जानेवारींत मजुरांनीं मोठा दंगा केला. कंत्राटदाराखालीं पोटकंत्राटदार, त्याखालीं मुकादम, अशा उतरंडींतून येतां येतां मजुरी आटून जात होती, आणि कित्येकांस ती मिळतच नव्हती. फेव्हिएल या कंत्राटदाराचा ठेका त्याच वर्षीं सुटला. ट्रेडवेल या दुसऱ्या कंत्राटदारानें तो घेतला. पण तो थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या पत्नीनें नेमलेल्या माणसांकरवीं घाट १८६३ सालीं पुरा झाला. रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरांच्या वेतनाचे तंटे मॅजिस्ट्रेटानें झटपट तोडावे, असा कायदा सरकारानें १८६० सालीं केला. त्यांतही मजुरानें करार मोडल्यास शिक्षेची तजवीज होतीच. पण मजुरी न मिळाल्याची तक्रार न्यायाधिकाऱ्यानें तांतडीनें ऐकावी, हें तत्त्व त्यानें प्रथम मान्य केलें.

हीच रेल्वे पुढें वऱ्हाडांतून गेली आणि १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली. १८६१ ते १८६५ पर्यंतच्या अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस सोन्याचें मोल आलें होतें. खामगांव, अकोला, अमरावती, कारंजा हे कापसाचे मोठे बाजार बनले. सरकी काढण्याचे जिन आणि गठाणी बांधण्याचे प्रेस गांवोगांव उभे राहिले. या बाजारांत फसवणूक होऊं नये म्हणून सरकारानें लवकर लक्ष घातलें. हल्लीं वाशीम जिल्ह्यांत असलेल्या कारंजा येथें १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें देशांतील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. वऱ्हाड नांवाला निजामाचेंच असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथें आपोआप लागत नसत; तरीसुद्धां हा कायदा तेथें आधीं झाला, हें विशेष. तोलाई, दलाली, बाजाराची जागा यांवर त्यानें नियम घातले. समित्यांत व्यापाऱ्यांचेंच प्राबल्य होतें, तरी १९२८ सालीं शेतकी कमिशननें इतर प्रांतांपुढें वऱ्हाडचें उदाहरण ठेविलें.

आतां बाजाराच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावरील जिनांत जाऊं. दिवाळीनंतर धुराडीं पेटत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं विझत. कापूस जिनांत घालण्याचें काम बहुतेक बायकांचें. हवेंत रुईचे तंतू भरलेले, तोंडाला पदर गुंडाळलेला, आणि मजुरी मुकादमाच्या वहींत. गठाण बांधण्याचें काम पुष्कळदां ठेक्यानें दिलेलें. मालक एका टोकाला, मजूर दुसऱ्या टोकाला, आणि मधें ठेकेदार. हंगाम संपला म्हणजे माणसें आपापल्या गांवीं पांगत. मग मागची बाकी कोणाकडे आणि कोणीं मागावी? १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर मजुरांच्या वरच्या, आणि वर्षांतून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिन त्यांतून सुटत. ही चार महिन्यांची सूट १९११ च्या कायद्यानें गेली. पण त्या कायद्यांचा विषय तास आणि यंत्रांचीं कुंपणें हा होता. मजुरी कधीं द्यावी याविषयीं ते मुके होते. कापूस विकणाऱ्याच्या तोलाकरितां वऱ्हाडांत १८९७ सालीं कायदा झाला. कापूस पिंजून हात सोलवटणाऱ्या मजुराच्या दामाकरितां त्यानंतर चाळीस वर्षें लागलीं.

इंग्लंडांत करार मोडणाऱ्या मजुरास तुरुंगांत घालण्याची चाल १८७५ सालीं कायद्यानें बंद झाली. आपल्याकडे १८५९ चा कायदा १९२५ सालीं रद्द ठरला, आणि ती रद्दबातल १९२६ च्या एप्रिलपासून अमलांत आली. म्हणजे विलायतेंत जें अन्याय्य ठरलें, तें येथें आणखी अर्धशतक न्याय्य होतें. त्याच १९२५ सालीं दर आठवड्यास पगार देण्याविषयींचें एक खासगी विधेयक मध्यवर्ती विधिमंडळांत आलें. सरकार स्वतः विचार करीत आहे असें आश्वासन मिळाल्यावरून तें मागें घेण्यांत आलें. पुढें १९२९ सालीं व्हिटले साहेबांच्या अध्यक्षतेखालीं मजूर कमिशन बसलें. त्यांत आपले ना. म. जोशी हे एक सभासद होते. १९३१ सालीं अहवाल निघाला. पगारास होणारा विलंब आणि पगारांतून मनमानी दंड कापण्याची चाल, या दोन्हींवर कायद्याचा लगाम हवा, असें त्यांत निक्षून सांगितलें होतें. १९३३ सालीं विधेयक आलें, तें विधिमंडळ विसर्जित झाल्यामुळें बारगळलें. १९३५ सालीं पुन्हां आलें, आणि १९३६ चा चौथा कायदा म्हणून मंजूर झालें. २८ मार्च १९३७ रोजीं तो अमलांत आला. अवघ्या चार दिवसांनीं प्रांतिक स्वायत्तता सुरू व्हावयाची होती; म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडांत या कायद्याची अंमलबजावणी आरंभापासूनच नव्या प्रांतिक सरकारकडे आली.

हा वेतन-अदायगीचा कायदा थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. दरमहा २०० रुपयांहून कमी मिळविणारे कारखान्यांतील व रेल्वेवरील नोकर त्याखालीं आले. वेतनाची मुदत एका महिन्याहून लांब असतां कामा नये. हजाराच्या आंत मजूर असतील तर मुदत संपल्यावर सात दिवसांत, अधिक असतील तर दहा दिवसांत पगार द्यावा. कामावरून काढलेल्या मनुष्यास दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आंत त्याचें देणें द्यावें. पगार चालू नाण्यांत किंवा नोटांत द्यावा. दंड रुपयास अर्ध्या आण्याहून अधिक कापूं नये. हे हक्क सोडून देण्याचा करार मजुरानें केला तरी तो रद्द समजावा. याप्रमाणें हंगामी जिनांतील बाईस प्रथमच असा कायदा मिळाला, कीं ज्यांत तिच्या पगाराची तारीख लिहिलेली होती. ही लहान गोष्ट नव्हे. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशीं मजुरी हातीं पडणें आणि दुसऱ्या दिवशीं पडणें, यांत चूल पेटण्या-न पेटण्याचें अंतर असतें. बाजार हुकला कीं जोंधळा दुकानदाराकडून उधार आणावा लागतो, आणि उधारीचा भाव निराळा असतो. पगाराच्या विलंबाचें व्याज असें मजूरच भरीत असतो.

आतां दंडाचा भाग. धन्यानें पगारांतून गैर रक्कम कापली, तर ती परत देववून शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार या कायद्यानें अधिकाऱ्यास दिला. कौटिल्याचा दशबंध, तोही शामशास्त्र्यांच्या अर्थाचा, येथें दोन हजार वर्षांनीं पुन्हां भेटतो. परंतु पगार कापला नाहीं, नुसता उशिरा दिला, तर भरपाईची मर्यादा काय? दहा रुपये. दहापट नव्हे, दहा रुपये, मग पगार एक महिना थकलेला असो वा पांच महिने. उलटपक्षीं मजुराचा अर्ज त्रास देण्याच्या बुद्धीनें केलेला आहे असें ठरलें, तर त्याच्याकडून धन्यास ५० रुपयांपर्यंत देववावे, अशीही तरतूद होती. धन्याच्या खऱ्या दिरंगाईस दहा, आणि मजुराच्या खोट्या अर्जास पन्नास! याशिवाय फौजदारी दंड पगार थकविण्याबद्दल ५०० रुपयांपर्यंत होता. पण तेथें पोहोंचण्याची वाट वांकडी होती. मजुरानें आधीं सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा, तो निदान अंशतः मंजूर व्हावा, आणि मग त्याच अधिकाऱ्यानें खटला भरण्यास परवानगी द्यावी. त्याखेरीज कोर्टानें फिर्याद ऐकूंच नये. अर्ज कारखाना-निरीक्षकास किंवा नोंदलेल्या संघाच्या चिटणिसासही करतां येई. नागपूरच्या गिरण्यांत रा. स. रुईकरांसारख्यांच्या खटपटीनें संघ उभे होते. चार महिन्यांच्या जिनांत संघ कोठून टिकणार? आणि ठेकेदाराच्या माणसांचा पगार देण्याची जबाबदारी त्या ठेकेदारावरच राहिल्यामुळें, तो निघून गेला कीं कायद्यानें पकडावयाचें कोणास, हा प्रश्न उरलाच.

जिनाबाहेरचा मोठा वर्ग तर या कायद्याच्या वेशीबाहेरच होता. वऱ्हाडांतील शेतीचा कणा म्हणजे सालदार. पाडव्यास साल धरावें, वर्षाची रक्कम ठरवावी, कांहीं उचल आधीं घ्यावी, महिन्याचें धान्य घ्यावें, आणि पुढच्या पाडव्यास हिशेब करावा. चांगल्या घरीं हा हिशेब मानानें होई, सालदारास कपडालत्ताही मिळे. वाईट घरीं उचल फिटल्याचें कधींच दिसत नसे, कारण वही धन्याची आणि अक्षरही धन्याचें. धन्याकडे निघणारें वेतन आणि चाकराकडे निघणारी उचल एकाच वहींत मांडलीं, म्हणजे थकविणारा कोण आणि थकलेला कोण, हेंच उमगेनासें होतें. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानें शेतमजुरास आपल्या यादींत घेतलें, आणि किमानाहून कमी देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला. १८५९ सालीं जी कैद मजुराच्या वांट्यास आली होती, ती ८९ वर्षांनीं, कागदावर तरी, धन्याच्या वांट्यास आली. उचलीच्या पाशावर १९७६ च्या वेठबिगार-निर्मूलन कायद्यानें घाव घातला. त्यांत तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें ठेकेदारानें पगार बुडविल्यास तो मूळ मालकानें द्यावा असें ठरविलें, आणि बोरघाटापासूनचें एक छिद्र बुजविलें.

सरकार स्वतःच धनी होतें तेव्हां काय होतें, हेंही मेळघाटानें दाखविलें आहे. चिखलदरा-धारणीच्या कोरकू मजुरांस होळी हा वर्षाचा मोठा सण. दूर कामास गेलेला मनुष्यही होळीस घरीं येतो. त्यापूर्वीं रोजगार हमीच्या कामाची मजुरी हातीं पडावी, ही तेथील नित्याची मागणी राहिलेली आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलांत आला. केंद्राच्या २००५ च्या कायद्यानें पंधरा दिवसांच्या आंत मजुरी देण्याचें बंधन घातलें. विलंबाची भरपाई आधीं १९३६ च्याच कायद्याप्रमाणें होती. पुढें ती दिवसास शेंकडा ०.०५ या दरानें ठरली. हजार रुपयांच्या मजुरीस रोज आठ आणे! पूर्वीं निजामाच्या थकबाकीचा हिशेब लक्षांत झाला होता. येथें तो आण्यांत आला.

१९३६ च्या कायद्यांतील तो दहा रुपयांचा आंकडा १९८२ सालीं २५ रुपये झाला, आणि २००५ च्या दुरुस्तीनें १,५०० ते ३,००० रुपयांवर गेला. अखेर २०१९ सालीं संसदेनें वेतन संहिता मंजूर केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलांत येऊन १९३६ चा व १९४८ चा असे दोन्ही कायदे इतिहासजमा झाले. नव्या संहितेंत दावा तीन वर्षांच्या आंत करतां येतो. दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळूं शकते, आणि त्यांत कापलेलें व थकलेलें असा जुना भेद नाहीं. देण्याहून कमी देणाऱ्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पांच वर्षांच्या आंत तोच गुन्हा पुन्हां सिद्ध झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मात्र पहिला गुन्हा कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून मिटविण्याची सोयही ठेविली आहे. आमच्या मतें तिच्यांतील सर्वांत महत्त्वाचें कलम दंडाचें नाहीं. पगार मिळाला नाहीं असा दावा झाल्यास, पगार दिला हें सिद्ध करण्याचा भार धन्यावर टाकणारें जें ५९ वें कलम, तें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. कारण शेंकडों वर्षें ज्याच्या हातीं वही, त्याचाच शब्द खरा, असें चालत आलें होतें.

हा सारा इतिहास डोळ्यांपुढें ठेवला असतां दंडाच्या आंकड्यानें फार हुरळून जाण्याचें कारण नाहीं. मनूच्या मथळ्यापासून आजच्या संहितेपर्यंत वेतन थकविणें वाईट आहे हें कोणीही नाकारलेलें नाहीं. फरक पडला तो तीन गोष्टींनीं: तक्रार कोणाला करतां येते, हिशेबाची वही कोणाच्या हातीं आहे, आणि निकाल किती दिवसांत लागतो. कंटिन्जंटच्या थकबाकीची फिर्याद गव्हर्नर-जनरलनें केली, वही त्याच्याच हातीं होती, आणि निकाल त्यानें स्वतःच लावला. म्हणून एक प्रांत हस्तांतरित झाला. जिनांतील बाईची फिर्याद तिला स्वतःलाच करावी लागे, तीही हंगाम संपून गांवीं परतल्यावर, आणि मिळावयाचे ते फार तर दहा रुपये.

नव्या संहितेप्रमाणें दावा शक्यतों तीन महिन्यांत निकालांत काढावयाचा आहे. तो तसा निघतो किंवा नाहीं, हें अमरावती-अकोल्याच्या कामगार कार्यालयांत यापुढें पाहावयाचें आहे. आमच्या सुशिक्षित वाचकांच्या घरींही मोलकरीण असते, शेतावर सालदार असतो, वाड्याच्या डागडुजीवर गवंडी असतो. मोठ्या धन्यांचा न्याय न्यायालयें करतील. आपल्या घरच्या हिशेबाची वही आपल्याच हातीं असल्यामुळें तिचा न्याय आपणांसच करावा लागणार, आणि तो येत्या पाडव्याच्या आंत केलेला बरा.